चमत्कार, भविष्य आणि उपचारांचे दावे कसे तपासावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील शाळा, गृहनिर्माण संस्था आणि गणेशोत्सव मंडळांमध्ये आम्ही चमत्कारांची प्रात्यक्षिके करून दाखवतो. कार्यक्रम संपल्यावर हातात चिठ्ठ्या दिल्या जातात आणि पुढचे कितीतरी दिवस फोनवर प्रश्न येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, येथे घेतले आहेत.

१. चिकित्सक असणे म्हणजे प्रत्येक गोष्टीवर अविश्वास ठेवणे का?

नाही. अविश्वास ठेवणाऱ्याचा निर्णय समोरच्याचे ऐकण्याआधीच झालेला असतो. चिकित्सा करणारा मात्र पुरावा येईपर्यंत निर्णय राखून ठेवतो आणि पुरावा आल्यावर तो मान्य करतो, मग तो मनाविरुद्ध गेला तरी. कोणताही दावा कानावर आला की आम्ही एकच प्रश्न आधी विचारतो : हा दावा खोटा असता, तर आपल्याला वेगळे काय दिसले असते? "काहीच वेगळे दिसले नसते" असे उत्तर आले, तर जे दिसले त्याला त्या दाव्याचा पुरावा म्हणता येत नाही. हा प्रश्न साधा आहे, पण तो स्वतःच्या लाडक्या समजुतींना विचारणे अवघड जाते, आणि आम्हालाही ते अवघड जाते.

२. मी दर मंगळवारी सिद्धिविनायकाला जाते. तुमच्या लेखी मी अंधश्रद्धाळू आहे का?

तुम्ही रांगेत उभ्या राहता, दर्शन घेता आणि तुमच्या मनाला उभारी येते, यात तपासून पाहावा असा कोणताही दावा नाही, त्यामुळे आमचे काही म्हणणेही नाही. देवळाबाहेर कोणी तुम्हाला मंतरलेला नारळ देऊन "याने गाठ विरघळेल, शस्त्रक्रिया करू नका" असे सांगितले, तर तो दावा झाला आणि तो तपासलाच पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे : यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, हरिपाठ यांना तो कायदा लागू होत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे असे आपल्या संविधानाचे कलम ५१(क) सांगते, आणि तेच संविधान उपासनेचे स्वातंत्र्यही देते.

३. माहीमला समुद्राचे पाणी गोड झाले होते ते हजारो लोकांनी चाखले. इतके लोक खोटे बोलत होते का?

कोणीही खोटे बोलत नव्हते. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर पाणी खरोखरच नेहमीपेक्षा कमी खारट लागत होते आणि लोकांचे निरीक्षण बरोबर होते. चुकले ते त्याचे कारण. माहीमच्या खाडीत मिठी नदी येऊन मिळते. भर पावसाळ्यात नदीतून गोड्या पाण्याचा मोठा लोंढा येतो, आणि गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते लगेच मिसळून न जाता काही काळ वरच्या थरात तरंगत राहते. ओंजळीत येते ते हेच वरचे पाणी. आयआयटी मुंबईतील भूशास्त्रज्ञांनी तेव्हाच हे स्पष्टीकरण दिले होते, आणि पाणी पुन्हा खारट लागायला फार काळ गेला नाही.

या घटनेतली खरी काळजीची बाब वेगळी होती. ज्या मिठीने गोडे पाणी आणले, तीच सांडपाणी आणि कारखान्यांची घाणही वाहून आणते. पाणी पिऊ नका असे प्रशासन सांगत असताना, कचरा तरंगत असलेल्या त्याच पाण्याच्या बाटल्या भरून लोक घरच्या आजारी माणसांसाठी नेत होते. चमत्कार मानल्याने कोणाचे काय बिघडते, असे आम्हाला विचारले जाते, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर त्या बाटल्या येतात.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध प्यायले, त्यामागेही असेच साधे कारण होते. काठोकाठ भरलेल्या चमच्यातले दूध मूर्तीच्या टोकाला लागले की पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. दुधात रंग मिसळला की ओघळ स्पष्ट दिसतो. घरातल्या वरवंट्याच्या टोकाला चमचा लावून हे आजही करून पाहता येईल.

४. माझ्या मुलाची कावीळ माळेने उतरली. माळ डोक्यावरून गळ्यात आणि गळ्यातून बेंबीपर्यंत वाढत गेलेली मी स्वतः पाहिली. हे कसे नाकारणार?

माळ वाढते, हे आम्ही नाकारत नाही. ती कशी वाढते ते मात्र जवळून पाहायला हवे. वैदू एखाद्या वनस्पतीच्या ओल्या देठांचे किंवा मुळ्यांचे बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडे घेतो आणि त्यांना दोऱ्यात ओवत नाही, तर प्रत्येक तुकड्याभोवती सरकणाऱ्या गाठीचा वेढा देतो. ताजी असताना ही माळ जेमतेम डोक्यावर बसते. दोन-तीन दिवसांत देठ सुकतात आणि बारीक होतात, प्रत्येक वेढा थोडा सैल पडतो आणि त्यातला मोकळा झालेला दोरा माळेच्या लांबीत जमा होतो. पन्नास-साठ तुकड्यांचा मिळून तो दोरा बराच भरतो. आम्ही अशी माळ बांधून कार्यक्रमाच्या चार दिवस आधी भिंतीवरच्या खिळ्याला टांगतो. आजारी माणसाचा संबंध नसतानाही ती तितकीच वाढते. प्रश्न १ मधली कसोटी येथे लागू होते : माळ कावीळ खेचून घेत नसती, तरीही ती वाढलीच असती.

हातावरून कावीळ "उतरवण्याचा" प्रकारही असाच आहे. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला आधी चोळलेला असतो. चुन्याचे पाणी पडताच त्याचा पिवळा रंग उमटतो आणि तो ताटात उतरतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होते.

आता मुलगा बरा कसा झाला, याविषयी. मुंबईत पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते, आणि बहुसंख्य रुग्ण विश्रांती व आहार यांच्या आधारे काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. यकृत स्वतःला सावरते आणि श्रेय माळेला मिळते. मात्र कावीळ हे लक्षण आहे, एकच एक आजार नव्हे. पित्तनलिकेत अडकलेला खडा, हिपॅटायटिस बी, साचलेल्या पाण्यातून चालल्यावर होणारा लेप्टोस्पायरोसिस, यांतही डोळे पिवळे होतात, आणि तेथे माळेसाठी थांबलेला आठवडा जिवावर बेतू शकतो. गरोदर स्त्रीला हिपॅटायटिस ई झाला तर धोका फारच मोठा असतो. म्हणून डोळे पिवळे दिसताच रक्ताची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर कोणी माळ घातली तर आम्ही वाद घालत नाही.

५. ज्योतिषाची शास्त्रीय चाचणी कधी कोणी केली आहे का, की तुम्ही नुसते "थोतांड" म्हणता?

चाचणी झाली आहे आणि ती महाराष्ट्रातच झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह २००८ मध्ये दोनशे पत्रिका जमवल्या : शंभर शाळेतल्या हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका देऊन एवढेच विचारले की यातली कोणती पत्रिका कोणत्या गटातली आहे. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के होते. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून नाणे उडवले असते तरी साधारण शंभर उत्तरे बरोबर आलीच असती. हे निष्कर्ष २००९ मध्ये "करंट सायन्स" या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या चाचणीचे मोल आकड्यांइतकेच तिच्या पद्धतीत आहे. यश कशाला म्हणायचे ते निकालाआधीच ठरले होते, त्यामुळे नंतर अर्थ फिरवायला जागा उरली नाही. ठरलेले लग्न "मंगळ" निघाल्यामुळे मोडणारी घरे आजही या शहरात आहेत. त्यांनी हा निकाल एकदा शांतपणे वाचावा असे आम्हाला मनापासून वाटते.

६. पण माझ्या स्वभावाचे वर्णन तर तंतोतंत जुळले!

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे "स्वतंत्र" स्वभाववर्णन दिले आणि ते किती जुळते ते पाचपैकी गुण देऊन सांगायला लावले. सरासरी सव्वाचारच्या पुढे गेली. प्रत्यक्षात सर्वांच्या हाती एकच मजकूर होता. "तुम्ही वरून कणखर दिसता, पण मनातून हळवे आहात" हे वाक्य कोणाला लागू पडत नाही? पुढच्या वेळी आपल्या राशीचे भविष्य वाचताना शेजारच्या राशीचेही वाचून पाहावे.

७. आमच्या सोसायटीत शिबिर होते. यंत्रावर हात ठेवताच एका मिनिटात चाळीस आजारांचा अहवाल आला. "क्वांटम" तंत्र आहे म्हणाले. खरे असेल का?

नाही. रक्त न घेता, केवळ तळहात ठेवून यकृत, मूत्रपिंड आणि जीवनसत्त्वे यांचा अहवाल देऊ शकेल असे कोणतेही तंत्र वैद्यकशास्त्राला मान्य नाही. एकाच माणसाने दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा हात ठेवावा, दुसऱ्यांदा वेगळे नाव व वय सांगावे, आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवावेत, एवढी तपासणी पुरेशी आहे. शिबिरवाले ही तपासणी करू देत नसतील, तर तेही एक उत्तरच आहे.

छद्मविज्ञान, म्हणजे विज्ञानाचा नुसता आव आणणारे दावे, बहुधा अशाच खुणांनी ओळखू येते : शास्त्रातला भारदस्त शब्द त्याच्या अर्थाशिवाय वापरलेला असतो, एकच उपाय सर्व आजारांवर चालतो, पुरावा म्हणून फक्त समाधानी ग्राहक उभे केले जातात, आणि अहवालापाठोपाठ विकायच्या डब्यांची यादी येते.

८. होमिओपॅथीला तुमचा विरोध का? तिचा निदान अपाय तरी होत नाही.

"३० सी" असे लिहिलेल्या बाटलीचा अर्थ असा की मूळ पदार्थ शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा विरल केला आहे, म्हणजे एकावर साठ शून्ये इतक्या पटीने. रसायनशास्त्राच्या हिशेबाने साधारण बाराव्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता मावळते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत नाही असा निष्कर्ष काढला.

तरीही रुग्णांना बरे का वाटते, हे समजून घेणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. सर्दी, अंगावरचे पित्त, सांधेदुखी हे त्रास कमी-जास्त होत असतात. त्रास सर्वांत जास्त असताना आपण औषध घेतो आणि त्यानंतर तो बहुधा उतरतोच. शिवाय होमिओपॅथीचा डॉक्टर अर्धा तास ऐकून घेतो, जे गर्दीच्या सरकारी रुग्णालयात घडत नाही, आणि ही उणीव खरी आहे. अपायाचे म्हणाल तर साबुदाण्यासारख्या गोळीने तो होत नाही. ती गोळी घेत असताना जे खरे उपचार राहून जातात त्यातून होतो.

९. मग आयुर्वेदही सगळा खोटाच म्हणायचा का?

असे सरसकट म्हणणे चिकित्सेला धरून होणार नाही. औषध कोणत्या परंपरेतून आले यावरून निर्णय होत नाही, ते तपासात टिकले का यावरून होतो. याचे उत्तम उदाहरण मुंबईतलेच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन पाहिली आणि त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये "ब्रिटिश हार्ट जर्नल"मध्ये मांडले. त्यातून जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले, तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि रक्तदाबावरच्या सुरुवातीच्या परिणामकारक औषधांत त्याची गणना झाली. त्याचे दुष्परिणामही, विशेषतः नैराश्य, तपासातूनच नोंदले गेले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण गुळवेलीचे आहे. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा घेतला जात होता. त्यातून यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि वनस्पतीच्या ओळखीविषयी शंका उपस्थित केली. हा वाद सोडवायचा मार्गही अधिक काटेकोर तपास हाच आहे. "नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक" हे गृहीतक मात्र सोडून द्यावे. धोत्राही नैसर्गिकच आहे.

१०. मुलीला डोळ्यांवर पट्टी बांधून वाचता येते असे शिकवणारा वर्ग आहे. फी पंचवीस हजार. पैसे भरावेत का?

भरू नयेत. पट्टी कितीही जाड असली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि तिच्यातून खालचे दिसते. असे मूल वाचताना नीट पाहा : ते पुस्तक छातीपाशी, नाकाच्या रेषेत धरते आणि मान किंचित वर उचलते. पुस्तक कपाळासमोर धरायला सांगा, किंवा हनुवटीखाली पुठ्ठा आडवा धरा, की वाचन थांबते. आम्हाला वाईट वाटते ते पैशांपेक्षा मुलांचे, कारण फटीतून दिसते आहे हे त्यांना ठाऊक असते आणि आईवडिलांच्या आनंदासाठी ती गप्प राहतात. मुलीला रागावू नका. तिने फसवलेले नाही, तिला फसवायला शिकवलेले आहे. बोटांच्या ठशांवरून मुलाचे करिअर सांगणाऱ्या चाचणीलाही हेच उत्तर लागू आहे, आणि तिचा अहवाल का पटतो ते प्रश्न ६ मध्ये पाहावे.

११. लोकलच्या डब्यात "वशीकरण, सौतन, नोकरी, चोवीस तासांत काम" अशी पत्रके चिकटवलेली असतात. हे गुन्हा नाही का?

दोन कायदे येथे कामी येतात. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा कर्करोग, मधुमेह, पक्षाघात, लैंगिक दुर्बलता अशा ठरावीक आजारांवर खात्रीच्या उपायांची जाहिरात करायला मनाई करतो, आणि तावीज, मंत्र, कवच हेही त्यात "जादूचे उपाय" म्हणून मोडतात. दुसरा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो संमत केला. यातील गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र असून शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

औषधांच्या जाहिरातीविषयी अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि फसवणूक किंवा अघोरी प्रकाराविषयी पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. पत्रकाचा फोटो, पैसे दिल्याची नोंद आणि फोनवरचे संदेश जपून ठेवावेत. बहुतेक तक्रारी लाजेपोटी होतच नाहीत, आणि भोंदूंची सगळी भिस्त या लाजेवरच असते.

१२. आरे कॉलनीत नात्यातल्या एकाला साप चावला आणि तो मांत्रिकाकडे बरा झाला. असे होते का?

होते, कारण आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. अशा वेळी काहीही केले तरी माणूस वाचतो. प्रश्न आहे तो नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचा. त्यांच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे, आणि परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या लसीशी कित्येक दशके जोडलेले आहे. मण्यारचा चावा तर अनेकदा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पापण्या जड झाल्याचे सांगतो, तेव्हा वेळ फार थोडा उरलेला असतो. चावलेला अवयव न हलवता तडक रुग्णालय गाठावे. करकचून आवळणे, चिरा देणे, रक्त चोखणे यांतले काहीही करू नये. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणे हा प्रश्न ११ मधल्या २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. कोळीवाड्यांत जाळ्यातून येणारे समुद्री साप आणि जंगलातला हिरवा चापडा यांच्यावर हे चार सापांचे प्रतिविष लागू पडत नाही. त्यांच्या चाव्यानंतरही रुग्णालयच गाठायचे, कारण श्वासाला आधार देण्याची सोय तेथेच असते.

१३. विज्ञानही चुकते. आज ज्याला हसता तोच उद्या खरा ठरला तर?

तसे घडले आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांच्या लशीकडे अनेकांनी संशयाने पाहिले. त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देऊन, न टोचलेल्यांशी त्यांची तुलना केली. त्यांना मान्यता मिळाली ती या तुलनेमुळे. विरोध झालेला प्रत्येक जण हाफकिन नसतो. कोण आहे ते तुलना झाल्यावर कळते.

१४. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरने कर्करोग होतो ना? याबाबत तरी आमची भीती बरोबर आहे?

टॉवरच्या लहरींमध्ये क्ष-किरणांप्रमाणे रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून भारतातली टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना "कदाचित कर्करोगकारक" या गटात ठेवले, हेही खरे आहे; त्याचा आधार प्रामुख्याने कानाला लावलेल्या फोनविषयीचे अभ्यास होते आणि तो पुरावा मर्यादित होता. त्यामुळे प्रश्न विचारणे गैर नाही, भीतीवर धंदा करणे गैर आहे. फोनमागे चिकटवायची "रेडिएशन चिप" घेऊ नये : तिने लहरी खरोखर अडवल्या असत्या, तर फोनला नेटवर्कच मिळाले नसते.

१५. सासूबाईंची परळला केमोथेरपी चालू आहे. त्यांना कोणीतरी गावाकडचा काढा आणून दिला आहे आणि त्या ऐकत नाहीत. त्यांना कसे समजावू?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त येतो आणि याचे उत्तर देताना आम्ही सर्वांत जास्त जपून बोलतो. हळद, कडुनिंब आणि साखरबंदी यांनी कर्करोग बरा झाल्याचा दावा नोव्हेंबर २०२४ मध्ये गाजला, तेव्हा टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ तज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढून, याला पुरावा नाही आणि उपचार लांबवू नयेत, असे सांगितले होते. ते निवेदन त्यांना वाचून दाखवता येईल, पण तेथून सुरुवात करू नका. काढा ओतून टाकला, तर त्या तो लपून घेतील, आणि लपून घेतलेला काढा डॉक्टरांना कधीच कळणार नाही. काही वनस्पती केमोच्या औषधांचे शरीरातले प्रमाण कमी-जास्त करतात आणि काहींचा भार आधीच थकलेल्या यकृतावर पडतो, म्हणून डॉक्टरांना ते कळणे सर्वांत गरजेचे आहे.

आधी त्यांना विचारा की काढ्याने त्यांना नेमके काय व्हावे असे वाटते. पुष्कळदा उत्तर "कॅन्सर जावा" असे नसते. "तोंडाला चव यावी", "उलट्या थांबाव्यात", "तेवढेच आपल्या हाताने काहीतरी करते" असे असते. उलट्यांवर आणि चव जाण्यावर उपाय आहेत आणि ते डॉक्टरांकडे मागता येतात. मग बाटली पिशवीत घालून पुढच्या तारखेला बरोबर न्या, डॉक्टरांसमोर ठेवा आणि "हे घेऊ का?" हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.